कडक स्प्रिंग

गोंदियाजवळच्या गोरेगावात ईश्वरदास मिस्त्रीचा अंगठा म्हणजे सुप्रीम कोर्ट! इंजिनाची व्हॉल्व्ह स्प्रिंग टेबलावर उभी करायची, डोळे मिटायचे, अंगठ्याने दाबायची. अंगठा पांढरा पडला की माल पास. जितकी कडक तितकी चांगली, हा कायदाही त्याचाच. मापायला व्हर्निअर होता त्याच्याकडे, नाही असं नाही. पण तो देव्हाऱ्यात. दर दसऱ्याला हळद-कुंकू, फूल, नारळ. त्याने काही मापायचं म्हणजे पापच की हो!

यादोरावच्या धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या, मशीनच्या इंजिनात त्याने अशाच चार स्प्रिंगा घातल्या. तासाभरात व्हॉल्व्ह उघडणारा दांडा वाकला. ईश्वरदासने दांडा बदलला आणि डिझेलला शिव्या घातल्या. दुसराही वाकला. शेतात कापलेल्या धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे उभे, वर आभाळ भरून आलेलं. यादोरावने इंजिन परत आणलं ते नेमकं बाजाराच्या दिवशी.

"मिस्त्री, आता दांडा वाकला तं इंजिन गोंदियाले नेतो. अन् कायले नेलो, ते साऱ्या बाजाराले सांगतो!"

ईश्वरदासचं धाबं दणाणलं. इतक्या वर्षांचं नाव एका दांड्यापायी मातीत जायची वेळ. त्याने घाईघाईने आणखी कडक स्प्रिंगा काढल्या.

"थांबा काकाजी," यादोरावसोबत आलेली त्याची मुलगी दीप्ती म्हणाली. ती आयटीआयत हेच शिकवायची. "व्हर्निअर द्या."

"अंगठा असताना व्हर्निअर कायले पाहिजे?" तो गुरगुरला. पण लोक बघत होते, द्यावाच लागला. जबड्यात कुंकू असं बसलेलं की तो सरकेचना. दीप्तीने रॉकेल लावून सोडवला. कोणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसणाऱ्याचा गळा धरावासा वाटला ईश्वरदासला.

तिने इंजिनातली त्याची एक स्प्रिंग काढून वाइसच्या पकडीत आवळली आणि वेटोळी एकमेकांना टेकल्यावर मापली. "तीस मिलिमीटरलेच गच्च झाली हे. व्हॉल्व्ह पूरा उघडाले हिले अठ्ठावीसवर दबा लागते. दबतच नाही, मंग दांडा नाही वाकणार तं का होईल?"

मग 'नरम' म्हणून ईश्वरदासने खोक्यात फेकलेल्या नव्या स्प्रिंगा तिने एकेक मापल्या. पंचविसापर्यंत आरामात दबणाऱ्या चार निवडल्या, ईश्वरदासला बसवायला लावल्या आणि वाकलेला दांडाही बदलायला लावला. दुपारी इंजिन सुरू झालं आणि अंधार पडायच्या आत सगळे पुंजणे चुरून झाले.

दुसऱ्या दिवशी यादोराव पेढे घेऊन हजर, मागे दीप्ती.

"मानलं मिस्त्री! हात तुमचाच पाहिजे. पोरीनं का, नुसतं मापलं!"

दीप्तीने ईश्वरदासकडे रोखून पाहिलं. ईश्वरदासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात पेढा पुढे आला, आणि त्याने तोंड उघडलं ते पेढ्यासाठीच.