मिलोच्या दुकानातली लाल खुर्ची

मित्रांनो, केस कापून घेताना तुम्ही बसता त्या खुर्चीकडे कधी नीट पाहिलं आहे का? नसेलच. मी तशीच एक जुनी खुर्ची. पेनसिल्व्हेनियातल्या एका नदीकाठच्या गावात, मिलो हुडाकच्या दुकानात खिडकीपाशी उभी असते.

माझं अंग लोखंडाचं, वर लाल कातडं, पोटात तेल. बाजूचा दांडा दाबला की मी माणसाला अलगद उचलते. मिलोच्या वडिलांनी मला आणलं तेव्हा गावातला पोलादाचा कारखाना धडधडत होता. पाळी सुटली की कामगार केसांत काळी भुकटी घेऊन यायचे आणि माझ्यावर टेकताच डोळे मिटायचे. लहान मुलांसाठी माझ्या हातांवर फळी आडवी टाकत. त्या फळीवर भोकाड पसरलेली मुलं पुढे आपापली मुलं घेऊन आली. "अशी खुर्ची आता होणे नाही," असं सगळे म्हणत. दुकान बंद करण्याआधी मिलो मला रोज पुसायचा.

मग कारखाना बंद पडला, गिऱ्हाईक रोडावलं. तरी मिलोने दुकान सोडलं नाही. पण हल्ली तो मला पुसेनासा झाला. माझं कातडं शिवणीशी उसवलं, आतला कापूस बाहेर डोकावू लागला, त्याचं लक्षच नाही. आता मी जुनी झाले, नकोशी झाले, असं मनात येऊन मी हिरमुसायची.

खरं कारण मला पेनीमुळे कळलं.

छोटी पेनी फळीवर बसली होती. तिची आई टेसा शेजारीच उभी होती आणि तिची नजर कात्रीवरून हलत नव्हती. कपाळावरची झुलपं कापण्याआधी मिलोने बोटांनी चाचपलं. मग परत चाचपलं. टेसाने झटकन लेकीच्या डोळ्यांवर आपला हात आडवा धरला.

"मिस्टर मिलो, तुम्हाला नीट दिसतंय ना?"

कात्री थांबली. बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलेला व्हर्नन, गावातला निवृत्त बसचालक, हसून म्हणाला, "गेल्या खेपेला माझा एक कल्ला वर, एक खाली होता. मला वाटलं, नवी फॅशन!"

"गप रे," मिलो म्हणाला. मग आवाज खाली आला. "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. विमा परवडेना म्हणून मी तो सोडला होता. आता मेडिकेअरचं, म्हणजे पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्यविम्याचं कार्ड आलं की शस्त्रक्रिया करून घेईन."

"पासष्ट कधी पुरी झाली तुला?" व्हर्ननने विचारलं.

"मार्चमध्ये. येईल कार्ड. माझ्या भावाला, एमिलला, आपोआप आलं होतं."

व्हर्ननने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. बाहेर जून सरत आला होता.

"अरे शहाण्या, एमिलने बासष्टीलाच सरकारी पेन्शन सुरू केली होती. म्हणून त्याला आपोआप आलं. तू घेतोस पेन्शन?"

"मी कशाला घेऊ? माझे हात चालतायत अजून!"

आमच्या गावची माणसं अशीच, मित्रांनो. हात चालतात तोवर सरकारचा पैसा नको, ही त्यांची ऐट.

"मग बस ऐटीत!" व्हर्नन म्हणाला. "तुला स्वतः नाव नोंदवावं लागतं. वाढदिवसाच्या महिन्यानंतर तीन महिने मुदत, म्हणजे हाच शेवटचा महिना. हुकलं तर पुढच्या वर्षीच."

"पुढच्या वर्षी मला कात्री तरी दिसेल का?" मिलो पुटपुटला. माझ्या पोटातलं तेल गोठलं. दुकान गेलं तर मी सरळ भंगारात.

टेसाने पेनीला खाली उतरवलं. "सरकारी कचेरीत फोन लावा. आत्ता."

"हिची झुलपं अर्धीच..."

"राहू देत अर्धी. तुम्ही बसा आधी."

"गिऱ्हाइकाच्या खुर्चीत आपण बसायचं नाही. बाबांचा नियम आहे."

"आज तूच गिऱ्हाईक," म्हणत व्हर्ननने त्याला माझ्यावर ढकललं आणि दांडा दाबला. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा मिलोला उचललं. केवढा हलका होता तो!

फोनवर नुसतं संगीत वाजत राहिलं. अर्ध्या झुलपांची पेनी त्यावर गिरक्या घेऊ लागली. अखेर एका बाईंचा आवाज आला. मिलोने नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, आणि श्वास रोखून ऐकत राहिला.

"मुदतीत आहात, मिस्टर हुडाक. करू या नोंदणी."

त्याचं सगळं वजन माझ्या पाठीवर सैलावलं. "बाबांनी कधी सांगितलं नाही," तो म्हणाला, "ही एवढी मऊ आहे!"

कार्ड आलं. आधी एक डोळा झाला, मग दुसरा. नंतर एका सकाळी मिलोने दुकान उघडलं, दिवा लावला आणि दारातच थबकला.

"अगं, काय ही दशा तुझी! केव्हापासून?"

त्याने मला टाकलं नव्हतं, मित्रांनो. मी त्याला दिसतच नव्हते. जाड सुई घेऊन तो माझ्याशेजारी जमिनीवर बसला आणि एकेक टाका घालू लागला. त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक पेनी होती. टेसा या खेपेला बाकावर टेकून बसली.

तुमच्याकडे कुणी बघेनासं झालं, तर रुसू नका. आधी विचारा, त्यांना दिसतंय ना? आणि जन्मभर दुसऱ्यांना खुर्चीत बसवणारं कुणी तुमच्या घरात असेल, तर एकदा त्यांना बसवा. दांडा तुम्ही दाबा. फक्त बोटं सांभाळून हं!