विंगेतली खुर्ची घर शोधते

मला मिटून ठेवले की मी एखादी टाकाऊ फळी वाटते. पण मित्रांनो, मी फळी नाही. मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. मला उघडले की चार पाय, जाड कापडाची बैठक आणि पाठ टेकायला एक आडवी पट्टी मिळते. मिटले की मी कुणाच्याही काखेत मावते. माझे सारे आयुष्य या उघडमिटीत गेले. जेवणाच्या टेबलापाशी वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेल्या जड खुर्च्या पाहिल्या की मला त्यांचा हेवा वाटतो. त्यांना निदान आपली जागा ठाऊक असते. मला मात्र आत्ता उघडतील की मिटतील, याची धास्ती सतत असते. त्यामुळे माझा एक पाय कायम कुरकुरतो.

माझा जन्म एका नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत झाला. नाटक मंडळींचा सुतार तिथे लाकूड आणि कापड जोडून राजवाडे, तुरुंग, बोटी असे काहीही उभे करायचा. एका नाटकातला दरवाजा निकामी झाला होता. त्या दरवाजातून कधी कुणी कुठे गेले नव्हते, कारण त्याच्यामागे नुसती भिंत होती. त्याच्याच लाकडातून सुताराने माझे पाय कापले. "एका जागी उभं राहून कंटाळलंय हे लाकूड. आता जरा हिंडू दे," असे म्हणत त्याने माझे स्क्रू पिळले. त्याचे बोलणे इतके खरे होईल, असे तेव्हा वाटले नव्हते.

मला बनवले ते मावशीसाठी. तेव्हा ती कुणाचीच मावशी नव्हती. सडपातळ, चटपटीत मुलगी होती आणि मंडळींची प्रॉम्प्टर होती. हे काम आता फारसे कुणाला माहीत नाही, म्हणून सांगते. रंगमंचाच्या कडेला, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा आडोशाला विंग म्हणतात. तिथे मांडीवर नाटकाची प्रत घेऊन ती माझ्यावर बसायची. नट वाक्य विसरला की पुढचा शब्द हळूच त्याच्यापर्यंत पोचवायची. तो शब्द नटाला ऐकू गेला पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला मुळीच नाही, असे त्यातले कसब. विंग अरुंद असे. देखावा बदलताना माणसे जड पडदे घेऊन धावत येत आणि "उठा ताई" म्हणत. ती उठायची, मी मिटायची. पुन्हा बसायची, पुन्हा उघडायची.

मंडळींच्या मुख्य नटांना सगळे काका म्हणत. मावशी कामाला नवी असताना काका एका प्रयोगात भर प्रवेशात गप्प झाले. मावशीने घाबरून शब्द दिला. पडदा पडल्यावर काका तरातरा विंगेत आले.

"ताई, मी थांबलो होतो, विसरलो नव्हतो," ते म्हणाले. "माझं थांबणं खाल्लंत तुम्ही."

मावशीचे डोळे भरून आले. पण त्या दिवसापासून ती माणसाचे गप्प होणे वाचायला शिकली. थांबलेला माणूस समोरच्याला मनाने धरून असतो. विसरलेल्याची पकड सुटलेली असते. हा फरक तिला इतका कळू लागला की ती शब्द देण्याआधी माझ्यावर किंचित पुढे सरकायची आणि मला समजायचे, आता कुणीतरी अडला. प्रयोग संपला की सगळे नट वाकून टाळ्या घेत. आम्ही दोघी आडोशालाच. पण घरी जाताना काका माझ्या पट्टीवर एक थाप मारून जायचे. तीच आमची टाळी.

पुढे मंडळी मोडली. कुणी कुठे, कुणी कुठे पांगले. मावशीने निरोप घेताना बाकी काही मागितले नाही, फक्त मला काखेत मारून घरी आणले. तिचे घर एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होते. सुरुवातीला ती माझ्यावर बसून खिडकीतून रस्ता बघायची. मग माझ्यावर इस्त्रीचे कपडे आले, मग जुनी वर्तमानपत्रे आली आणि शेवटी मी दाराआड गेले. रिकामपण वाईट, मित्रांनो. कापड कुजत नाही, पण मन कुजते.

मावशीला जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा तिला माझी पुन्हा आठवण झाली. ती मला सोबत घेऊन निघायची आणि जिन्याच्या वळणावर उघडून बसायची. खालचा शेजारी वर येताना विचारायचा, "काय मावशी, प्रयोग रंगलाय का?" ती म्हणायची, "सध्या मध्यंतर आहे."

मग एका सकाळी ती न्हाणीघरात पडली. उठताच येईना. दाराखालून पाणी वाहत जिन्यावर आले, तेव्हा कुठे दुपारी त्या शेजाऱ्याच्या लक्षात आले. मनगट मोडले होते, त्याला प्लास्टर घातले. पण थंड फरशीवर एकटी पडून राहिल्याची भीती प्लास्टरमध्ये मावेना. ती रोज माझ्यावर बसून चुळबुळत राही.

तिच्या बहिणीची दोन मुले होती. भाच्याचे चष्म्याचे दुकान होते. भाची बँकेत होती. भाची जन्मलीच वेळेआधी, म्हणून मावशीने तिचे नाव घाई ठेवले होते. आता घाईचे केस पिकले, पण नाव काही सुटले नाही.

"मावशी, एखादा चांगला निवास बघू या," घाई म्हणाली. "छोटासा. घरासारखा."

"वृद्धाश्रम म्हण की. शब्द अडलाय का?"

"तसं नाही गं. तू आमच्याकडे येत नाहीस म्हणून."

"तुझ्याकडे जिने, याच्याकडे कुत्रा," मावशी म्हणाली. "बघू या. पण पसंत मी करणार. आणि ही खुर्ची बरोबर येणार. मला फार वेळ उभं राहवत नाही."

"तिकडे खुर्च्या असतात मावशी," भाचा म्हणाला.

"असतील. हिची सवय आहे."

अशी मी उतारवयात घर शोधायला निघाले. मोटारीच्या मागच्या भागात आडवी पडून मी सारा रस्ता खडखडत होते.

पहिले घर चकचकीत होते. फरशीत मला माझे पाय उलटे दिसत होते. भिंतींना धरायला दांड्या, पलंगाशेजारी घंटा, जेवणाची खोली हवेशीर. भाचा दांड्या हलवून बघत होता आणि खूश होत होता. तिथल्या व्यवस्थापिका बाई मावशीसमोर येऊन बसल्या.

"आजी, तुम्हाला दिवसभर काय करायला आवडतं?"

मावशी विचार करू लागली. प्रश्न साधा होता, म्हणूनच ती त्याला खरे उत्तर शोधत होती. माझ्यावर ती अगदी स्थिर बसली होती.

"तिला वाचायला आवडतं," घाई म्हणाली.

"आणि इथे कसं वाटलं तुम्हाला?"

मावशीने सभोवार पाहिले.

"आवडलंय तिला," घाई म्हणाली.

"रात्री झोप लागते का?"

"लागते, पण उशिरा," या वेळी भाच्याने सांगितले.

असे पुष्कळ प्रश्न झाले. मावशीचे उत्तर तयार होईपर्यंत दुसऱ्याचे देऊन झालेले असे. शेवटी बाई भाच्याला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलल्या. पण आयुष्यभर कुजबुजीवर पोट भरलेल्या मावशीला ती कुजबुज ऐकू आली नसेल का? बाई म्हणत होत्या की आजींचे विसरणे बरेच पुढे गेलेले दिसते. त्यांना आतल्या भागात ठेवावे लागेल. तिथले दार बाहेरून बंद असते, म्हणजे कुणी भरकटत नाही.

आम्ही मोटारीने परत निघालो.

"मी उत्तर देणार होते," मावशी म्हणाली.

"कधी? आम्ही थांबलो होतो की," घाई म्हणाली.

"तू? तू जन्माला यायला थांबली नाहीस."

भाचा हसला नाही. "मावशी, त्यांना रोजचा अनुभव आहे. त्या म्हणतात ते खरं असलं तर? तपासून घ्यायला हवं."

तेव्हापासून मावशीच्या जिवाला घोर लागला. एकदा लोकांनी ठरवले की ही विसरते, की मग आपण काहीही बोललो तरी ते विसरणेच ठरते, हे तिला कळत होते. बंद दाराआड जायचे की नाही, हे आता तिच्या हातात राहणार नव्हते. आणि त्याहून वाईट म्हणजे तिला स्वतःचीच शंका येऊ लागली. दुपारी ती माझ्यावर बसून जुन्या नाटकांतली वाक्ये पुटपुटायची. एका दुपारी ती एका वाक्यावर अडली. ते वाक्य मला येत होते. इतक्या प्रयोगांत मीही ऐकले होते. पण मला तोंड कुठे आहे? मी नुसती कुरकुरले. ती उठली, बसली, पुन्हा उठली. त्या दिवशी ते वाक्य आलेच नाही.

दुसरे घर गावाबाहेर होते. बाग छान होती. मोठ्या खोलीत टीव्ही मोठ्याने लावला होता आणि सगळ्या खुर्च्यांची तोंडे त्याच्याकडे होती. एका आजोबांनी मावशीला पाहून हात केला.

"माझी... माझी..." ते म्हणू लागले.

"बायको ना? येणार हं रविवारी," जवळची सेविका प्रेमाने म्हणाली आणि त्यांच्या गुडघ्यावरची चादर सारखी करून गेली.

आजोबांनी मान हलवून नाही म्हटले. मग हात खाली टाकला. ते काय सांगणार होते, कुणास ठाऊक.

"इथे नको," मावशी म्हणाली.

"काय वाईट आहे इथे?" भाचा वैतागला. "बाग आहे, नर्स आहे, माणसं प्रेमळ आहेत."

"इथे सगळेच प्रॉम्प्टर आहेत."

"मावशी, नाटक पुरे आता. मला दुकान बंद ठेवून यावं लागतं."

तिसऱ्या घराकडे जाताना म्हणूनच सगळे घुश्शात होते. ते घर सायकलदुरुस्तीच्या दुकानाला लागून होते. बैठे, साधे, मोजकी माणसे. पूर्वी इस्पितळात नर्स असलेली एक बाई आणि तिचा भाऊ मिळून ते चालवत. भाऊ स्वयंपाक करायचा. न्हाणीघरातली दांडी ढिली होती. भाच्याने ती हलवून दाखवली आणि नाक मुरडले. नर्सबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला उघडायला मावशीला मदत केली नाही, तिचे तिला उघडू दिले.

"तुम्हाला इथे कशासाठी यायचंय?" त्यांनी विचारले.

मावशी गप्प झाली. घाईने तोंड उघडले. नर्सबाईंनी तिच्या हातात शेंगांचा वाडगा दिला. शेंगा सोलता सोलता घाईचे तोंड आपोआप मिटले. बाहेर दुकानात कुणीतरी चाक फिरवून बघत होते. मी कुरकुर आवरून धरली.

"मला यायचंच नाहीये," मावशी म्हणाली. "पण पुन्हा पडले, तर कुणीतरी लवकर यायला हवं. एकटीला फरशी फार थंड लागते."

घाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. हे तिला मावशीने कधी सांगितले नव्हते. आणि तिने कधी ऐकायला वेळ दिला नव्हता.

तेवढ्यात टेबलापाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना बोलावले. त्या पोस्टातून निवृत्त झाल्या होत्या.

"नवीन माणूस आलंय, तर ऐका," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे एकदा एक पार्सल आलं. आतून आवाज येत होता. कुणी हात लावेना. शेवटी मीच उघडलं. तर आत होतं..."

त्या गप्प झाल्या. मावशी माझ्यावर किंचित पुढे सरकली. इतक्या दिवसांची धास्ती, त्यात जन्माची सवय. मला ओरडून सांगावेसे वाटले, अगं, थांब.

"घड्याळ?" मावशी हळूच म्हणाली.

पोस्टाच्या बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिले. "तुम्ही सांगताय की मी सांगतेय? ऐन रंगात आलेलं घालवलंत. आता नाही सांगत. घड्याळ नव्हतं, एवढंच सांगते."

मग घाईला हसू फुटले. ती इतकी हसली की वाडगा कलंडला आणि शेंगा घरभर पसरल्या. भाचाही हसला. मावशीचा चेहरा आधी पडला आणि मग तिच्या खांद्यांपासून हसू हलत हलत माझ्या पायांपर्यंत आले.

"माफ करा," ती म्हणाली. "ज्या कामाचे पैसे घेतले, तेच चुकलं."

मोटारीत बसल्यावर तिने सांगून टाकले, "हे घर."

"दांडी ढिली आहे," भाचा म्हणाला.

"तुझ्याकडे पेचकस आहे ना? चष्मे घट्ट करतोस, दांडी कर."

पुढच्या रविवारी भाच्याने येऊन ती दांडी खरेच पक्की केली.

मावशी तिथे राहायला गेली आणि मी तिच्यासोबत. स्वस्थता मिळाली, असे मात्र मी म्हणणार नाही. ती मला अजून दिवसभर हलवते. कधी अंगणात, कधी स्वयंपाकघराच्या दारात. कधी संध्याकाळी तिला जुने घर आठवते आणि ती उगीच उठबस करते. माझे कापड कडेला उसवले आहे. कुणाचे लक्ष नाही.

अलीकडे एकदा घाई भेटायला आली होती. मावशी तिला तिच्या लहानपणचे सांगत होती. "तालमीला यायचीस. कंटाळलीस की विंगेत झोपायचीस. सुताराने ढीग करून ठेवलेला असायचा, त्या लाल, मऊ..."

आणि ती गप्प झाली. हे थांबणे नव्हते. माझ्यावरचे तिचे वजन एकदम सैल झाले. घाईलाही ते कळले. शब्द तिच्या ओठांवर आला होता. पण ती बोलली नाही. मावशीचा हात हातात घेऊन बसून राहिली.

मावशीने बराच वेळ शोधले. मग भाचीकडे वळली.

"अडले गं," ती म्हणाली. "सांग."

"मखमल," घाई म्हणाली. अगदी हळू. माझ्यापलीकडे कुणाला ऐकू गेले नसेल.

"मखमल," मावशी म्हणाली आणि पुढे सांगू लागली.

मित्रांनो, माझी उसवलेली शिवण कुणीतरी घालेल, न घालेल. पण तुमच्या घरातले म्हातारे माणूस बोलता बोलता गप्प झाले, तर त्याच्या तोंडात घाईने शब्द कोंबू नका. कदाचित ते नुसते थांबले असेल. आणि अडले असेल, तर ते मागेल. त्या वेळी त्याला मोठ्याने बोलावे लागू नये, इतके जवळ बसा.