बांधाच्या पोटातली झडप

मी उघाडीची झडप बोलतेय, तीही बांधाच्या पोटातून. अंगावर दोन हात चिखल आहे, त्यामुळे आवाज जरा दबका येईल. कान देऊन ऐका.

राहनाळ गावाच्या मागे खाडी आहे. तिचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचा लांब बांध घातलाय. शेतातलं पाणी बाहेर पडायला त्या बांधात एक तोंड असतं, त्याला म्हणतात उघाडी. त्या तोंडावर मला वरून टांगलं होतं. भरती आली की खाडीच मला ढकलून बंद करायची आणि ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी मला उघडून निघून जायचं. खाऱ्याला आत घ्यायचं नाही, गोड्याला कोंडायचं नाही, एवढंच माझं काम. पण चाळीस वर्षांत एका दिवसाची सुट्टी मिळाली असेल तर शपथ.

मी जन्माने ऐनाचं लाकूड, अंबाडीकडच्या रानातली. सुताराने मला घडवलं आणि इथला शेतकरी केसरीनाथ, त्याने बैलगाडीतून आणलं. त्याचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. त्याच्या बायकोने, जानकीबाईने, मला हळदकुंकू लावलं, तेव्हा आम्ही दोघीही सासरी नव्याच होतो.

काय दिवस होते ते! होळी झाली की घरटी एक माणूस बांधावर यायचा. खेकड्यांनी पाडलेली बिळं बुजवायची, खचलेल्या जागी माती चढवायची. जो आला नाही त्याची पुढच्या होळीपर्यंत टिंगल. दुपारी जानकीबाई टोपली घेऊन यायची. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. वास माझ्यापर्यंत यायचा, पण मला कोण विचारतंय! जेवण झालं की केसरीनाथ शेतातली चिमूटभर माती जिभेच्या टोकावर ठेवायचा आणि थुंकून म्हणायचा, गोड हाय. मग माझ्या अंगाला करंजाचं तेल लागायचं. ते दिवस आठवले की अजून भरून येतं.

पुढे गोदामं आली. एकेक शेत मुरमाखाली गेलं, घरं दुमजली झाली. मी नावं ठेवत नाही. पोरं शिकली, हेही डोळ्यांनी पाहिलंय. पाच वर्षांपूर्वी माझ्या जागी लोखंडी झडप बसली आणि सगळ्यांनी एक मोठी चूक केली. लोखंड बसलं, आता बांधाकडे बघायला नको, असं म्हणत होळीनंतरचं येणंच बंद केलं. अहो, झडप लोखंडाची झाली म्हणून खेकडे बिळं पाडायचे थांबतात का?

मला केसरीनाथच्या अंगणात दोन दगडांवर टाकलं. म्हणजे मी बाकडं झाले. त्याची नात मृणाली माझ्यावर बसून अभ्यास करायची. यंदा तिच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती. माणसाने मंगळावर वस्ती करावी की पृथ्वी दुरुस्त करावी, असा विषय. चिठ्ठीत तिच्या वाट्याला मंगळ आला. पोरगी हुशार, आठवडाभर लिहीत होती. एका संध्याकाळी आजोबांना म्हणाली, "मंगळावरच्या मातीतही क्षार आहेत. म्हणजे आपल्या खाडीकाठासारखीच."

"मंग ती धुवाया तिकडं पाऊस हाय का?"

"नाही."

केसरीनाथने अंगणातली चिमूटभर माती बोटांत चुरली. मग म्हणाला, "माज्या आज्यानं ही जमीन खाडीकडून घेतली. पाऊस होता, मानसं होती, तरी पयलं भात उभं ऱ्हायाला सात वर्सं लागली. तुमी जा खुशाल, बाय. पन गोड केलेली माती खारी करून जाऊ नका."

मृणालीने लिहिलेलं पान खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.

पिठोरी अमावास्येच्या आदल्या दुपारी भरतीच्या पाण्याने बांधाला खांड पडली. भगदाडच म्हणा. केसरीनाथ गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून घरी आला. अमावास्येच्या दुपारी याहून मोठं उधाण येणार होतं. त्याआधी खांड बुजली नाही, तर पोटरीला आलेलं, लोंबी फुटायच्या बेतातलं भात जाणार आणि तीन पिढ्यांची गोड माती खारी होणार. त्याने घरोघरी फोन लावले. कुणाची ड्युटी, कुणी ठाण्याला फ्लॅटवर, कुणी म्हणाला सरकारला कळवा. पोटचा पोरगा, मृणालीचा बाप भाविक म्हणाला, शिरलं पाणी तर शिरू दे, भरणी टाकून गोदाम उभं करू. म्हातारा त्या रात्री जेवला नाही.

उजाडता उजाडता ओहोटी होती. केसरीनाथ, जानकीबाई आणि मृणाली, तिघांनी मला उचलून बांधावर नेलं. खांडीत आडवी उभी केली, मागे बांबू ठोकले आणि चिखल ओतायला लागले. पण तीन घमेल्यांनी खांड भरते का? खाडीचं पाणी परत चढायला लागलं होतं. त्याच दिवशी दहाला मृणालीची स्पर्धा. तिची आई दिपाली बांधावर येऊन म्हणाली, चल, आंघोळ कर, उशीर होतोय.

मृणालीने वर न बघता सांगितलं, "आई, तिकडे माझ्याशिवायही बोलतील. इथे हात कमी आहेत."

दिपालीने चपला काढल्या. मग ओढणी कमरेला बांधून खाली उतरली.

थोड्या वेळाने भाविकचा टेम्पो आला. गोदामातल्या रिकाम्या गोण्या आणि चार हमाल. भाविकचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं, पण बायको-पोरगी चिखलात म्हटल्यावर आला. हमाल विचारत होता, "चाचा, किधर डालने का?" गोण्या भरत गेल्या, माझ्या दोन्ही बाजूंनी रचत गेल्या. दुपारी पाणी माझ्या छातीपर्यंत आलं, खांद्यापर्यंत आलं. मी दात-ओठ आवळून उभी होते. तिथेच ते थांबलं.

तेव्हापासून मी इथेच आहे. आता मला उघडता येत नाही, नुसतं धरून राहायचं. वय झालंय, ऐन असले तरी किती टिकणार? माणसांनो, मंगळावर जायचं तर जा, मला तुमचं कौतुकच आहे. फक्त होळी झाली की घरटी एक जण इकडे पाठवा. खेकडे पुन्हा कामाला लागलेत.

खांड पडली त्या दिवशी शिरलेल्या पाण्याने शेताचा एक कोपरा करपलाय. काल मृणाली तिथे उकिडवी बसली. चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडं करून थुंकली.

"आजोबा, अजून खारी आहे."

"असू दे, बाय," केसरीनाथ म्हणाला. "पाऊस हाय अजून."