चूक माईकवर झाली होती

मी लग्नमांडवातला माईक बोलतोय. सेंगकांग शहरातल्या एका मंडपवाल्याच्या पेटीत माझा मुक्काम असतो. वीस वर्षांत जाळी चेपली, गळ्याला चिकटपट्टी आली, पण चौकसपणा काही गेला नाही. माणसं एकमेकांना काय म्हणून हाक मारतात, याचं मला भारी कुतूहल. आम्हा बुगिस लोकांत तर हाजी, पुआंग, गुरुजी असं काहीतरी लावल्याशिवाय तोंडातून नाव निघत नाही.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या तळहातावर मेंदी टेकवतात. तो मान मोजक्या माणसांचा. लग्नात पुकारा करणारे हाजी लाउपे माझ्यावरून यादी वाचतात. ज्याचं नाव येईल तो उठतो.

तेन्री नावाच्या नवरीच्या यादीत रोसना होती. जन्माच्या वेळी तिला मुलगा म्हणून नोंदवलं, पण कळत्या वयापासून ती बाई म्हणूनच जगली. अशांना आमच्याकडे चालाबाई म्हणतात. तिनं तीस वर्षं नवऱ्या सजवल्या, पण मेंदी लावायला तिला कुणी बोलावलं नव्हतं. तेन्रीला आई नाही. तिच्या तापात उशाशी बसली ती रोसनाच. म्हणून तेन्रीनं बापाला बजावलं होतं, "रोसनामावशीला मान द्यायचाच."

बापाला थाटाची हौस! यादी सरकारी वाटावी म्हणून त्यानं गावप्रमुखाच्या वहीतून सगळ्यांची जन्माच्या वेळी नोंदवलेली पूर्ण नावं उतरवली.

"श्रीयुत रुस्तान!" हाजींनी पुकारलं.

कुणीच उठलं नाही. त्यांनी पुन्हा, जोरात पुकारलं. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "उठा की साहेब, लाजताय काय!" हशा पिकला. रोसना पडद्याशी टाचण्यांची डबी धरून उभी होती, पांढरीफटक. ते नाव माझ्यातूनच मांडवभर गेलं होतं, याची मला अजून लाज वाटते.

हाजींनी घाईनं यादीतलं पुढचं, एका गुरुजींचं, नाव घेतलं. गुरुजी मेंदी घेऊन आले, तर तेन्रीनं मुठी मिटलेल्या.

"हात उघड, लोक बघतायत," बाप पुटपुटला.

"आधी मावशी."

हाजी मला हातात घेऊनच रोसनाजवळ गेले आणि हलकेच म्हणाले, "चुकलं माझं. पण मी काय म्हणून हाक मारू?"

"रोज काय म्हणता?"

"रोसना."

"मग आज काय झालं?"

हाजींनी मान खाली घातली. "नंतर माफी मागतो, घरी येऊन."

"हाजीकाका," तेन्री कडाडली, "चूक माईकवर केलीत आणि माफी घरी?"

हाजींनी मला तोंडाशी धरलं. "मी चुकीचं नाव घेतलं. माफ करा. नवरीला आईच्या मायेनं वाढवणाऱ्या रोसनाबाई, मेंदीला या."

रोसना आली. इतक्या नवऱ्यांच्या भुवया कोरणाऱ्या त्या हातानं मेंदीची चिमूट उचलली. तेन्रीनं मुठी उघडल्या.

आता हाजी प्रत्येक पाहुण्याला काय म्हणून पुकारायचं ते आधी विचारून घेतात, तेव्हा मी बंद असतो आणि माझी चुळबुळ होते. माझं मागणं एवढंच: विचारत जा. आणि कुणाला चारचौघांत चुकीचं बोललात, तर माफी मागायला मला शोधा. मी चालू होईन.