चारही बाजू लाल

शेजारच्या देशात जाऊन बाबांनी पहिल्याच आठवड्यात तिथलं अख्खं शहर बंद पाडलं.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ते घडलंच नाही असं धरून पुढे जाता येईल. घडलं नाही, हे माझं म्हणणं नाही. तिथल्या वाहतूक खात्याने तसा निर्णय दिला आहे, आणि आता आम्ही त्याच देशात राहतो, तेव्हा खात्याच्या शब्दाबाहेर जाणं बरं दिसत नाही. तर, काहीही घडलेलं नाही. आता ते कसं घडलं नाही ते सांगते.

माझे बाबा रस्त्यावरचे सिग्नल दुरुस्त करतात. आमच्या जुन्या देशात हे काम शोभेच्या वस्तू सांभाळण्यात मोडतं. तिथे दिवा हिरवा असला की लोक जोरात जातात, पिवळा असला की आणखी जोरात जातात, आणि लाल असला की ‘हा अजून लालच का?’ असं म्हणत जातात. बाबांची उमर या कामात गेली, पण आपण दुरुस्त केलेल्या दिव्यापुढे कोणी थांबल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. एकदा एक टेंपो थांबला होता. बाबा धावत गेले. त्याचं डिझेल संपलं होतं.

बाबांच्या कामाची पद्धत इथेच सांगायला हवी. पेटी उघडली की आधी चारही बाजू लाल करायच्या. दुरुस्ती करणारा माणूस चौकाच्या मधोमध उभा असतो, त्याच्या जिवाला जपायचं म्हणून. मग तारा बघायच्या, मध्येच चहाला जाऊन यायचं, उरलेलं काम उरकायचं आणि सिग्नल पुन्हा चालू करायचा. चहाला जाताना दिवे पूर्ववत करून जायची रीत आमच्याकडे नव्हती. गरजच नव्हती. चारही बाजू लाल असताना आमचा चौक उलट बरा चालायचा. सगळ्यांनाच मनाई आहे म्हटल्यावर सगळे जरा बघून जायचे.

तरीही बाबांचा देशावर विश्वास होता. तो उडाला त्यांच्या सत्काराच्या दिवशी. आमच्या मोठ्या चौकातला सिग्नल बंद पडला होता आणि सुटा भाग मिळत नव्हता, म्हणून बाबा रोज नगरपालिकेत खेटे घालत होते. शेवटी साहेबांनी त्यांना सभागृहात बोलावलं, पुष्पगुच्छ दिला आणि माइकवरून सांगितलं, “सिग्नल बंद झाल्यापासून या चौकातले अपघात निम्म्यावर आलेत. दुरुस्ती न केल्याबद्दल खातं यांचं ऋणी आहे.” टाळ्या झाल्या. बाबा घरी आले, पुष्पगुच्छ मोरीतल्या बादलीत ठेवला आणि म्हणाले, “या देशात राहण्यात अर्थ नाही.”

“बरं,” आई म्हणाली. “पण कणीक भिजवून झालीये. जेवून जाऊ.”

आईचा धाकटा भाऊ, म्हणजे मामा, शेजारच्या देशात बस चालवायचा. त्याने शब्द टाकला आणि बाबांना तिथल्या वाहतूक खात्यात जागा मिळाली, पण कच्ची. पहिला आठवडा उमेदवारीचा. त्यात काही वाकडं झालं नाही तर बाबा पक्के आणि आम्ही तिघं कायमचे रहिवासी. झालं, तर सामान बांधायचं आणि त्याच बादलीपाशी परत. बाबा म्हणाले, “वाकडं काय व्हायचंय? काम तर तेच आहे.”

तो देश आपल्यासारखाच. माणसं आपल्यासारखी, भाषा आपलीच. फक्त एक माणूस वाक्य पुरं करेपर्यंत दुसरा थांबतो. यात आईची फार पंचाईत झाली. आपलं वाक्य कोणीतरी मध्ये तोडेल या भरवशावर ती आयुष्यभर बोलत आलेली होती. इथे कोणी तोडेना, त्यामुळे तिला वाक्यांचे शेवट स्वतः शोधावे लागू लागले. बाजारात एका भाजीवालीपुढे ती इतका वेळ बोलत राहिली की त्या बाईने शेवटी दोन भोपळे फुकटच दिले.

उमेदवारीच्या शेवटच्या दिवशी सकाळी बाबांना तिथल्या मोठ्या चौकातला सिग्नल सोपवला. बिघाड किरकोळ होता, हिरवा दिवा जरासा पिवळट दिसतो म्हणून एकाने कळवलं होतं. बाबा डबा घरीच विसरून गेले, म्हणून आई आणि मी तो द्यायला मामाच्या बसने निघालो. मी तेव्हा काहीच करत नव्हते, आणि ते मन लावून करत होते, त्यामुळे मला वेळ होता.

चौकाशी आलो आणि मामाने बस थांबवली. आमची बस सगळ्यात पुढे.

बराच वेळ गेला. आईने ड्रायव्हरच्या जाळीवर बोटाने टकटक केलं.

“काय रे, झोपलास का?”

“लाल आहे, ताई.”

“ते मलाही दिसतंय. पण कुठून कोणी येतंय का?”

“कोणीच येत नाहीये. समोर लाल आहे, डावीकडे लाल आहे, उजवीकडे पण लाल आहे.”

“मग जा की!”

“लाल आहे, ताई.”

“लहानपणी तू आपल्या गच्चीवरून शेजाऱ्यांच्या गच्चीवर उडी मारायचास. तुला झालंय तरी काय?”

“इथे राहून बरीच वर्षं झाली,” मामा म्हणाला. जुनं दुखणं सांगावं तसं.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. एकही हॉर्न वाजत नव्हता. शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी इंजीन बंद केलं होतं, पेपर वाचून संपवला होता आणि आता तो मागच्या गाडीतल्या बाईंना देत होते. बाईंनी त्याबदल्यात त्यांना लोकरीचा गुंडा धरायला दिला. पलीकडे एका न्हाव्याने दुचाकी स्टँडला लावून मागे उभ्या असलेल्या माणसाची दाढी करायला घेतली होती. मागच्या रांगेचा शेवट दिसत नव्हता. नंतर कळलं की ती शहराला वळसा घालून दुसऱ्या रस्त्याने त्याच चौकात येऊन पोचली होती. म्हणजे रांगेतल्या शेवटच्या माणसाला पहिला माणूस समोर दिसत होता, आणि दोघांनी एकमेकांना नमस्कारही केला होता.

तेवढ्यात आईने माझा दंड धरला. “ती टोपी तुझ्या बाबांची ना?”

चौकाच्या मधोमध सिग्नलची पेटी सताड उघडी होती, आणि पेटीवर बाबांची चौकड्यांची टोपी. बाबा नव्हते.

“चहाला गेलेत,” मी म्हटलं.

“दाजींनी चारही लाल करून ठेवलेत?” मामाच्या तोंडचं पाणी पळालं. “अगं ताई, इथे तसं ठेवलं तर लोक थांबतात!”

“मग त्यांना जाऊन सांगा कोणीतरी.”

“खात्याच्या चहाच्या खोलीचं दार सुट्टी संपल्याशिवाय उघडत नाही. आधी काही जण चहावरून लवकर उठून कामाला जायचे, त्याने बाकीच्यांना ओशाळल्यासारखं व्हायचं. म्हणून कुलूप लावलं.”

“दार उघड,” आई म्हणाली.

“चहाच्या खोलीचं?”

“बसचं, दिवट्या!”

“इथे स्टॉप नाहीये, ताई.”

“मी तुझी थोरली बहीण आहे.”

मामाने डोळे मिटले आणि बटण दाबलं. आजही विचारलं तर तो सांगतो की त्याने काही पाहिलं नाही, आणि ते खरंच आहे.

आई डबा घेऊन उतरली आणि लाल दिव्यासमोरून सरळ चौकात चालत गेली. मी तिच्या मागे निघाले होते, पण पायरीवरच थबकले, कारण चारही रस्त्यांवरून एकच श्वास आत ओढल्याचा आवाज आला. लोकरवाल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला. आईला यातलं काही जाणवलं नाही. तिच्या हिशोबाने रस्ता मोकळा होता.

ती पेटीपाशी पोचली आणि समोरच्या गल्लीतून बाबा आले.

मला वाटलं, आता हे धावत येतील, कपाळावर हात मारतील. बाबा फुटपाथच्या कडेला येऊन थांबले. त्यांनी एका रस्त्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या. मग सावकाश तिसऱ्या आणि चौथ्या. बस, ट्रक, सायकली, हातगाड्या, काखेत पिशव्या धरलेली माणसं, सगळी त्यांच्या दिव्याकडे तोंड करून उभी. कोणाचंही डिझेल संपलेलं नव्हतं.

“अहो!” आई मधून ओरडली. “या इकडे आणि चालू करा हे! नोकरी जाईल!”

“थांब जरा.”

“अख्खं गाव थांबलंय, एक मी चालतेय, तर मीही थांबू?”

“अगं, बघ तरी,” बाबा म्हणाले.

त्यांचा आवाज असा होता की आईने खरंच वळून पाहिलं. तिने डबा पेटीवर ठेवला, टोपीशेजारी, आणि चारही बाजूंनी पाहिलं. मग ती काहीच बोलली नाही, आणि या वेळी तिला शेवट शोधावा लागला नाही.

बाबांना नोकरीचं भान नव्हतं असं मुळीच नाही. मी त्यांचा चेहरा पाहत होते. एका पारड्यात पक्की नोकरी आणि दुसऱ्यात हे दृश्य, आणि त्यांनी थोडा वेळ मुद्दामच दुसरं पारडं जड होऊ दिलं. मग ते चालत मध्ये आले, टोपी डोक्यावर घातली आणि खटका वर केला.

आमच्या बाजूला हिरवा झाला. लगेच कोणी हललं नाही. सगळे एकमेकांना ‘आधी तुम्ही’ म्हणत होते.

दुपारी खात्यात चौकशी झाली. खोलीत एक लांब टेबल, पाण्याचा जग आणि खात्याच्या मुख्य बाई. केस घट्ट बांधलेल्या, समोर पेन आडवं ठेवलेलं. आम्ही तिघं बाकावर बसलो. मामा दाराबाहेर, कारण बाकावर चौथ्याला जागा नव्हती आणि उभं राहायची परवानगी त्याने मागितली नव्हती.

“चारही बाजू लाल ठेवून आपण चहाला गेलात?” बाईंनी विचारलं.

“हो. आमच्याकडे तशीच पद्धत आहे.”

“मग आपल्याकडे वाहतुकीचं काय होतं?”

“चालू असते.”

“लाल असताना?”

“लाल असतानाच नीट चालते. हिरव्याला जरा घोळ होतो.”

बाई पाणी प्यायल्या. “आपण परत आल्यावर लगेच दिवे चालू केले नाहीत. का?”

आता बाबा काहीतरी तांत्रिक सांगतील म्हणून मी जीव मुठीत धरून बसले. तार गरम होती, खटका अडकला होता, काहीही चाललं असतं.

“बघत होतो,” बाबा म्हणाले.

“काय बघत होतात?”

“थांबलेले.”

बाईंनी पेन उचलून परत ठेवलं. “मीही त्या रांगेत होते,” त्या म्हणाल्या. “माझ्या मागचे गृहस्थ म्हणाले, दिवा लाल आहे म्हणजे कोणीतरी काहीतरी विचार करून ठेवला असेल. मलाही तसंच वाटलं.” मग त्यांनी घसा साफ केला. “काम अर्धवट सोडून जाऊ नये, हा नियम आहे. चहाची सुट्टी चुकवू नये, हाही नियम आहे. आपण दुसरा पाळलात म्हणून पहिला मोडला. आमच्या देशात दोन नियम एकमेकांच्या आड येत नाहीत. त्याअर्थी हा प्रकार घडलेला नाही. तक्रारही कोणाची नाही. एक फोन आला होता, पण तो ‘मी थांबलोय, काळजी करू नका’ एवढंच सांगायला. आपली उमेदवारी पूर्ण झाली.”

आमचा जीव भांड्यात पडला. बाबा उठून हात जोडायला लागले.

“आणि सिग्नल तोडून एक महिला चौकात गेल्या,” बाई पुढे म्हणाल्या, “तेही अर्थातच घडलेलं नाही.”

“असं कसं?” आई म्हणाली. “मी गेले की! चांगली डब्यासकट गेले.”

“अगं...” बाबा.

“का म्हणून? माझं जाणं कोणी पुसायचं नाही. यांच्यासाठी उन्हातून गेले मी.”

मुख्य बाईंनी तिला वाक्य पुरं करू दिलं, मग दुसरंही पुरं करू दिलं, आणि शेवटी म्हणाल्या, “डबा पोचला, याची नोंद घेते.” आईचं समाधान झालं. तिथल्या सरकारी कागदांत त्या दिवसाची एवढीच खूण आहे.

आता बाबा पक्के आहेत. चहाला जाताना दिवे चालू करून जातात. त्यांना पगारी सुट्टी आहे, आम्हाला दोन खोल्या आणि एक गॅलरी आहे, आणि गॅलरीतून एक सिग्नल दिसतो. रविवारी बाबा तिथे खुर्ची टाकून बसतात. परवा मी विचारलं, “बाबा, झालं ना मनासारखं?”

“झालं की,” ते म्हणाले. “छान देश आहे.” मग खाली एक गाडी थांबली, तिच्याकडे बघत म्हणाले, “पण हे काय, कोणाच्याही दिव्याला थांबतात. आपल्याकडचा एखादा थांबला असता ना...”

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. जुनी सवय. म्हणून ते मी पुरं करते आहे, रीतसर:

आमच्या जुन्या गावातल्या मोठ्या चौकातून जाणाऱ्या सर्व वाहनचालकांस सविनय विनंती की, माझे वडील येत्या रजेत चार दिवस तिकडे येत असून सदर चौकातला सिग्नल स्वखर्चाने दुरुस्त करणार आहेत. तरी आपण सर्वांनी, कोणत्याही एका लाल दिव्यापुरतं, एकाच वेळी थांबावं. इंजीन बंद करण्याची आवश्यकता नाही. सर्वांना थांबणं शक्य नसल्यास कोणीही एकाने थांबावं, मात्र त्याच्या गाडीत पुरेसं डिझेल असावं. कळावे.