लाल फडक्यातलं पुस्तक

वर्ध्याजवळच्या आंजी गावात दुपारी तीनला वच्छलाबाईंच्या ओसरीवर पुस्तक उघडायचं, आणि त्यानंतर कुणी हाक मारलेली मनकर्णाबाईंना खपायची नाही. दोघी शेजारणी, चाळीस वर्षांपासूनच्या मैत्रिणी. मनकर्णाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण गोष्टीची हौस दांडगी; वच्छलाबाई वाचायच्या, त्या ऐकायच्या. वच्छलाबाईंचे डोळे अधू झाले तेव्हा नागपूरच्या भाचीनं, आचलनं, ई-रीडर पाठवला. यंत्र पाटीएवढं अन् अक्षरं बोराएवढी. दोघींची चंगळच झाली.

आज मात्र घाई होती. मनकर्णाबाई कायमच्या पुण्याला निघाल्या होत्या. त्यांचा मुलगा निकेश चार वाजता गाडी घेऊन येणार, आणि कादंबरीचं शेवटचं प्रकरण अजून बाकी! जत्रेत हरवलेली बहीण सापडते की नाही हे कळल्याशिवाय गाडीत पाय ठेवणार नाही, असं त्यांनी कालच बजावलं होतं.

म्हणून वच्छलाबाईंनी दुपारी बारालाच यंत्र चार्जिंगला लावलं. कपाटात पडलेला जुना चार्जर काढला आणि यंत्र लाल फडक्यात गुंडाळून गादीवर ठेवलं. जन्मभर पोथी त्यांनी अशीच ठेवली होती. उघडं पडलेलं पुस्तक त्यांना बघवतच नसे. एक वाजता फडकं सोडलं तर यंत्र भाकरीसारखं तापलेलं, पडदा मुका आणि चार्जरला जळका वास. त्यांनी सुनेला हाक मारली.

"आई, गुंडाळलं काऊन?" सून हर्षानं तार काढत विचारलं. "त्याले हवा लागते ना!"

"पुस्तक हाय ना वं ते," वच्छलाबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

बातमी कळताच मनकर्णाबाई सामान बांधायचं टाकून धावत आल्या. "फ्रिजमंदी ठेवा त्याले!"

"नाई मावशी, आत ओल धरते. आपोआप थंड होऊ द्या. हा चार्जर आता भंगारात, अन् चांगला तं हे वर्ध्याले घेऊन गेले. माह्या कॉम्प्युटरले लावू."

हर्षा घरीच लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायची. यंत्र गार झाल्यावर दोनच्या सुमारास तिनं ते कॉम्प्युटरला जोडलं. पडद्यावर बॅटरीचं चित्र उमटलं आणि वच्छलाबाईंनी देवाला हात जोडले. "पण हा कॉम्प्युटर झोपला की चार्जिंग बंद होते," हर्षा म्हणाली. "मावशी, हा माउस हलवत बसा. मले स्वयंपाक उरकाचा हाय."

मग काय विचारता! जन्मात शाळेची पायरी न चढलेल्या मनकर्णाबाई पदर खोचून कॉम्प्युटरसमोर बसल्या. पडदा जरा काळवंडला की, "ऊठ रे बाप्पा, झोपू नको!" वच्छलाबाई हसून हसून बेजार. निघायच्या दिवशी इतकं हसू येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

तीनला हर्षानं तार काढून यंत्र हातात दिलं. वच्छलाबाई वाचू लागल्या. हरवलेली बहीण गावात आली, तिनं घर ओळखलं, ती अंगणात थबकली. बाहेर हॉर्न वाजला. निकेश आला होता. वच्छलाबाईंनी पान उलटलं. शेवटचं. तेवढ्यात मनकर्णाबाईंनी पडद्यावर हात ठेवला.

"राहू दे."

"काऊन वं? एकच तं पान हाय. त्याच्यासाठीच एवढी मरमर केली ना?"

"आयकलं तं संपलं. मंग तू मले पुण्याले फोन काऊन करशीन?" "उद्या तीन वाजता वाचजो. फोनवर."

"अन् उद्या हे पान संपलं की?"

"आचल म्हने त्यात हजार पुस्तकं मावतात!"

गाडी वळणाआड गेल्यावर वच्छलाबाईंना रडू आवरेना. डोळे पुसून त्या घरात आल्या, लाल फडकं घडी करून कपाटात ठेवलं आणि यंत्र टेबलावर, उघडंच, कॉम्प्युटरला जोडलं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि स्वतः माउस हलवू लागल्या.