अरुंद खोका

"एवढा एक नग हातावेगळा होऊ दे, मग खुशाल जा," असं बाबा कधीपासून म्हणतायत. नग काही संपत नाहीत. आमच्या घरात स्पीकरचे खोके तयार होतात. लाकूड दादा कापतो, तारा बाबा जोडतात आणि कान माझे. बाबांना बोललेलं कळतं, पण स्वरातला फरक कळेनासा झाला, तेव्हापासून मी या खोलीत खिळ्यासारखी ठोकलेली आहे.

आज दुपारपर्यंत दुसऱ्या गावच्या स्टुडिओला नोकरीचा होकार कळवायचा होता. बॅग भरून दाराशी ठेवली होती. आणि माशी नेमकी आजच शिंकली.

गिऱ्हाइकाच्या कपाटात मावावा म्हणून या खोक्याचं तोंड, म्हणजे पुढचा भाग, चार बोटं अरुंद केलं होतं. लावून बघितला, तर बातम्या वाचणाऱ्याचा आवाज मडक्यातून आल्यासारखा.

"दादा, आवाजात मधे खड्डा पडलाय."

"मला तर छान वाटतंय."

"तुला काय, करकरणारं दारही गोड वाटतं."

वरचे स्वर खोक्याच्या तोंडावरून सरळ पुढे येतात. खालचे कडेवरून वळून मागे निसटतात आणि दुबळे ऐकू येतात. मग तारेचं वेटोळं लावून वरच्यांनाच दाबायचं, दोघं बरोबरीला येईपर्यंत. याला म्हणे दुरुस्ती! आमच्या घरचा कारभारही असाच आहे. खोक्याचं तोंड अरुंद झालं, की दाबायला जरा वरच्या स्वरापासून सुरुवात करावी लागते, म्हणजे वेटोळं लहान लागतं. हे मला बाबांनीच शिकवलं.

मी मागचं झाकण उघडलं. आत रुंद खोक्याचं मोठं वेटोळं होतं, मधले स्वरही दाबणारं. बाबांच्या हातून ही चूक? जन्मात नाही. दुसरी तार शोधायला त्यांचा खण ओढला, तर त्यात लहान वेटोळं, गुंडाळून, टोकं खरवडून तयार.

"बाबा, हे काय?"

ते खाली बघत म्हणाले, "तू गेल्यावर मला कोण सांगणार, नीट वाजतंय की नाही ते?"

असा संताप आला! बॅग उचलून तडक निघावंसं वाटलं. आणि त्यांची कीवही आली, तिचाच मला जास्त राग आला. तरी लहान वेटोळं बसवलं.

खड्डा भरला. बातम्या वाचणारा समोरच्या खुर्चीत येऊन बसल्यासारखा बोलू लागला. बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"झालं?"

बाहेरच्या खोलीत माझा फोन वाजू लागला, स्टुडिओचाच असणार. तो मात्र तिघांनाही ऐकू आला.

"नाही," मी म्हणाले. "अजून थोडं बाकी आहे."